बोलका मूक

‘मूक’ म्हणजे एमओओसी, सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स. हा शब्द आला 2008 मध्ये. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स सगळ्यांसाठी मोफत उघडला. फी भरणारे जेमतेम 25, बाहेरून आलेले 2,200 च्या वर! विद्यार्थी आपापल्या ब्लॉगवर लिहायचे. डाउन्सचं सॉफ्टवेअर ते आरएसएसने गोळा करून रोज ईमेलने पाठवायचं. लोक एकमेकांकडून शिकत होते.

2012 मध्ये कोर्सेरा, एडएक्स आले. लाखो विद्यार्थी मिळाले, पण केंद्रस्थानी पुन्हा प्राध्यापकाचा व्हिडिओ. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, व्हिडिओ लाखोंना पोचवणं सोपं. शंकेला उत्तर देणारा माणूस पुरवणं अवघड. पहिल्या ‘मूक’मध्ये ते काम सोबतचे विद्यार्थीच करायचे. म्हणून पुढचा कोर्स घेताना आधी बघा, तिथे बोलायला कोणी आहे का?