प्रस्तावना : आधी हात, मग पडदा

शिरूर तालुक्यातलं पाबळ बाहेरच्यांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक. वस्तू घडवणाऱ्यांच्या जगात मात्र ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या विज्ञान आश्रमामुळे ओळखलं जातं. १९८३ मध्ये उभ्या राहिलेल्या या आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायची कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. हातानं काम करता करता शिकावं, हा कलबागांचा आग्रह. छोटा डिजिटल खेळ रचू पाहणाऱ्यानं तोच धरावा.

नवखे बहुधा उलटं करतात. आधी पडद्यावर राक्षस, मग बटण शोधायचं. घरी केलेल्या बटणाला कळतं ते एवढंच : शिवलं की नाही. जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबाउम यांच्या ‘मेकी मेकी’ या छोट्या सर्किट बोर्डानं २०१२ पासून ही स्पर्शाची युक्ती घराघरांत नेली. एका हातात अर्थिंगची वायर धरून दुसऱ्या हातानं वायर खोचलेल्या कांद्याला शिवलं, की शरीरातून नावापुरती वीज वाहते आणि संगणकाला वाटतं, कळ दाबली. त्यातला रेझिस्टर २२ मेगाओमचा, म्हणून कोरडं बोटही चालतं. बोट टेकताना थरथरतं आणि एका स्पर्शाचे तीन होतात. गुण तिप्पट, मुलं खूश, आपण हैराण! पहिला स्पर्श मोजून सेकंदाचा विसावा भाग पुढच्यांकडे काणाडोळा करायचा.

पण खरी गंमत अर्थिंगची वायर धरण्यात अडकलेल्या हातात आहे. त्यावरच एक खेळ रचता येतो, रेल्वेचा. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. इंजिन न बदलता थेट वळता येणारी कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांचा तो खोळंबा टळला. पुठ्ठ्यावर दौंडचं यार्ड काढा. फॉइलच्या तीन पट्ट्या : इंजिन सोड, सांधा बदल, इंजिन जोड. अर्थिंगची वायर ड्रायव्हरच्या हातात, पट्ट्या सांधेवाल्याच्या ताब्यात. दोघांनी एकमेकांचा हात धरल्याशिवाय एकही पट्टी चालत नाही, आणि ड्रायव्हरला तर मधूनच शिटी वाजवायला पळायचं असतं. हात धरायचा हा नियम मला कागदावर सुचला नसता, तो वायरीनं सुचवला.

पहिल्या प्रकरणासाठी पुठ्ठा, फॉइल, वायर आणि एक कांदा जवळ ठेवा. वीज अंगातून वाहणार, म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, आणि तो कांदा नंतर भाजीत घालू नका.