खताच्या गोणीतली तूट

१९९१ म्हटलं की आपल्याला मुंबईहून विमानानं इंग्लंडला गेलेलं सुमारे ४७ टन सोनं आठवतं. आज मात्र मी खताच्या गोणीविषयी बोलणार आहे. सरकारी तूट कमी करणं इतकं अवघड का असतं, हे त्या गोणीतून जास्त चांगलं कळतं.

२४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या वर गेली होती. खर्चातल्या दर १०० रुपयांपैकी जवळजवळ २० रुपये नुसत्या व्याजात जात होते. खताचे दर मात्र जुलै १९८१ च्या पातळीवरून जवळजवळ हललेच नव्हते. फरक तिजोरीतून भरला जात होता. सिंगांनी खत सरासरी ४० टक्क्यांनी महाग करायचं ठरवलं.

झालं, वादळ उठलं! विरोधक तर होतेच, पण सत्ताधारी काँग्रेसचे खासदारही उठले. सरकार अल्पमतातलं. ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तिच्यातून वगळलं गेलं.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! लहान शेतकऱ्याला वगळणं मलाही योग्यच वाटतं. पण अनुदान जात कुणाकडे होतं, ते बघा. १९७७ पासूनची योजना अशी होती: प्रत्येक कारखान्याचा उत्पादन खर्च वेगळा मोजायचा, त्यात भांडवलावर १२ टक्के परतावा धरायचा, आणि विक्रीची किंमत कमी पडली की फरक सरकारनं द्यायचा. वायूवर चालणाऱ्या कारखान्यात युरिया स्वस्त पडायचा, नाफ्थावरच्या कारखान्यात महाग. पण दोघांचीही भरपाई व्हायची. मग काटकसर करायची कुणी आणि कशाला? पावती शेतकऱ्याच्या नावाची, पण पैशांचा मोठा वाटा कारखान्याच्या दारात. आरडाओरडा झाला तो गोणीच्या किमतीवर. ही योजना युरियासाठी २००३ पर्यंत चालू राहिली.

ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारनं सोपी वाट धरली. स्फुरद आणि पालाश खतांवरचं नियंत्रण उठवलं, युरिया मात्र नियंत्रणात ठेवून उलट १० टक्क्यांनी स्वस्त केला. देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण एका वर्षात ५.९:२.४:१ वरून ९.५:३.२:१ झालं. यात शेतकऱ्याची चूक काय? जे स्वस्त मिळालं, ते त्यानं शेतात टाकलं. नुकसान झालं ते जमिनीचं.

तूट त्या काळात खाली आली, हे खरं. पण कात्री बरीचशी चालली ती भांडवली खर्चावर. अर्धवट राहिलेल्या कालव्यासाठी दिल्लीत कोण भांडणार?

म्हणून यापुढे एखादं अनुदान ठेवा किंवा काढा असा वाद कानावर आला, की आधी एवढंच विचारा: पावती कुणाच्या नावानं फाटते, आणि पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात?