तीनशे वर्षांची राखण

आपल्या शहरातले न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स 1971 मध्ये स्थापन झाले. तिथे युरेनियमच्या गोळ्यांपासून अणुभट्ट्यांचे इंधन बनते. युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे 450 कोटी वर्षे. त्याचा किरणोत्सार ओसरण्याची वाट पाहता येत नाही. म्हणून बाद गोळ्या नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम पुन्हा मिळवतात.

हे इंधन तारापूरच्या भट्टीत गेले की त्यातून सीझियम आणि स्ट्रॉन्शियम निपजतात. त्यांचा अंश लागलेले हातमोजे, फडकी, गाळण्या म्हणजे कमी किरणोत्साराचा कचरा. तो जाळून वा दाबून लहान करतात आणि काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. या दोन्ही द्रव्यांचे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे. 300 वर्षांनी त्यांचा जेमतेम हजारावा भाग उरतो. तोवर राखण हवी.

300 वर्षे म्हणजे किती? आसफजाही 1724 ते 1948, म्हणजे 224 वर्षे टिकली. राज्य गेले, दप्तरे राहिली. पण वाचणारा नसेल तर दप्तर मुकेच. घरात मोडीचे रुमाल सांभाळणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको. खंदकाच्या भिंतीइतकीच त्याची नोंद टिकली पाहिजे, आणि ती वाचणारी माणसेही.