हाकेला ओ

कल्याणहून हाजीमलंगला जाताना नेवाळी लागलं की मी खिडकीबाहेर बघतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन इथे धावपट्टी बांधली. (त्या जमिनीचा तंटा २०१७ साली पेटला, तो वेगळा विषय.) विमान मात्र मी इथे कधी पाहिलं नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. सारी भिस्त डोळ्यांवर. आज मनोरा नसलेल्या धावपट्टीवर वैमानिक ठरलेल्या लहरीवर आपलं नाव, जागा आणि बेत सांगतात. बाकीच्यांनी ऐकून सावध व्हायचं.

पण हाकेला भलत्यानेच ओ दिली तर? अमेरिकेत क्विन्सी इथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी तेच झालं. उतरणाऱ्या विमानाने विचारलं, आडव्या धावपट्टीवरचे तुम्ही थांबणार की निघणार? थांबल्याचं उत्तर आलं. ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच, छोट्या विमानाचं होतं. त्यातच कॉकपिटमधलं उंची सांगणारं यंत्र मध्ये बोललं. ज्याला विचारलं ते गप्पच राहिलं, आणि निघालं. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले. मोठ्या विमानातले लोक धडकेतून वाचले होते. दार उघडलं नाही.