गुहेत ठिबकणारे पाणी : प्रस्तावना

भारतातल्या पावसाच्या पद्धतशीर मोजणीला साधारण दीडशे वर्षे झाली. त्याआधीचे दुष्काळ कागदपत्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून कळतात. पाऊस नेमका किती घटला होता, हे मात्र त्यांतून उमगत नाही. चुनखडीच्या गुहांतले ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यांच्या थरांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येते, आणि थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्या काळच्या पावसाचा माग लागतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा असल्याने अशा गुहा आपल्या फारशा परिचयाच्या नाहीत. म्हणून वाचकांनी आधी मेघालयात, चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेत यावे.

या गुहेतल्या एका लवणस्तंभाला 2018 साली मोठा मान मिळाला. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या भूशास्त्रीय काळाचा आरंभ त्याच्यावरून ठरवला गेला, आणि त्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. आपल्याला याचा अभिमान वाटावाच. पण त्या सुमारास मान्सून किती आणि किती काळ क्षीण झाला होता, याबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. ते मिटवायचे तर जुन्या दगडाइतकेच आज पडणाऱ्या थेंबाकडेही लक्ष द्यावे लागेल, असे माझे ठाम मत आहे.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळवते. गुहेच्या हवेत पोचल्यावर तो वायू निसटतो आणि कॅल्साइट साचते. पाऊस कमी असला की खडकातल्या भेगांत हवा शिरते, आणि काही कॅल्साइट छतापर्यंत पोचण्याआधीच वर साचून राहते. मग थेंबात कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम वाढलेले दिसतात. हे प्रमाण वाढले म्हणजे कोरडे दिवस, असे तुम्हाला वाटेल. पण हिवाळ्यात बाहेरची थंड, जड हवा गुहेत शिरली, तरी आतला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कॅल्साइट लवकर साचते. म्हणजे पावसात काहीच फरक नसताना रसायन बदलू शकते. ऑक्सिजनचेही तसेच. चेरापुंजीत मान्सूनच्या अखेरीच्या पावसात जड ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा थरातला हलका ऑक्सिजन पाहून ‘पाऊस जास्त झाला’ असे लगेच म्हणता येत नाही. बाष्प कुठून आणि किती लांबून आले, हेही विचारावे लागते.

या शंका वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणानेच फिटतात. थेंबांचा वेग मोजणारी यंत्रे ठेवायची, बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद करायच्या, आम्लता गुहेतच मोजायची (बाहेर येईपर्यंत ती बदलते), थेंबाखाली काचेची पट्टी ठेवून ताजे कॅल्साइट गोळा करायचे. काम संथ आहे, पण मन लावून करण्याजोगे आहे. काही पावलांच्या अंतरावरचे दोन थेंबही वेगळे वागतात : एक मोठ्या भेगेतून येतो आणि सरीमागून वेग धरतो, दुसऱ्यात कित्येक महिन्यांचे पाणी मिसळलेले असते.

नव्या वाचकांनी पुढच्या प्रकरणांतली रासायनिक समीकरणे पहिल्या वाचनात वगळली तरी चालेल. ठिबकण्याच्या वेगाचे आलेख मात्र वगळू नका. प्रत्येक आलेख त्या ठिकाणच्या पावसाच्या आलेखाशेजारी ठेवून पाहा. त्यानंतर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवी गुहेतल्या 331 वर्षांच्या थरांकडे वळा. आपल्या पश्चिम घाटातला पाऊस तुम्हाला तिथे भेटेल.