वाटेवरच्या मुलाचे अन्न : तिबेटी त्सांपाची कथा

मुलाबाळांसह लांबच्या प्रवासास निघालेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांच्या खाण्याचा. मोठी माणसे एखादी वेळ उपाशी काढतात, मिळेल ते गोड मानून घेतात. मूल मात्र ओळखीचा, मऊ आणि वेळेवर मिळालेला घास मागते. म्हणूनच आपल्याकडील आयाबहिणी प्रवासास निघणाऱ्यांबरोबर दशम्या, लाडू आणि सातूचे पीठ बांधून देत आल्या. तिबेटच्या उंच व थंड पठारावर याच प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके एका पदार्थाने दिले. त्याचे नाव त्सांपा. हे उत्तर कसे घडले, १९५९ साली ते एकाएकी हातचे कसे गेले आणि भारतात त्याची जागा कशाने घेतली, हा इतिहास राजकारणाच्या इतिहासाहून लहान वाटला, तरी हजारो मुलांचे जगणे त्यावर अवलंबून होते.

त्सांपा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. जव धुऊन, सुकवून, तापलेल्या वाळूत भाजावयाचे. लाह्यांसारखे फुटू लागले की वाळू चाळून काढावयाची आणि दाणे पाणचक्कीवर दळावयाचे. या कृतीमागे मोठे शहाणपण आहे. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. डाळतांदूळ शिजता शिजत नाहीत. शिवाय पठारावर लाकूडफाटा दुर्मिळ. याकच्या वाळलेल्या शेणावर चूल पेटवावी लागते. अशा मुलुखात धान्य घरीच एकदा भाजून ठेवले म्हणजे वाटेत ते शिजविण्याचे कारण उरत नाही. वाटीत थोडा गरम चहा, लोण्याचा गोळा आणि मूठभर पीठ घेऊन बोटांनी मळले की जेवण तयार होते. तिबेटी चहात साखरेऐवजी मीठ आणि लोणी घुसळलेले असते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

या अन्नाचा विशेष गुण असा की मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नसे. बापाच्या वाटीतील गोळा घट्ट. तोच लेकरासाठी लोणी वाढवून मऊ केला जाई. आजारी मुलाला त्याच पिठाची पातळ पेज मिळे. हट्टी मुलाच्या गोळ्यात गूळ वा साखर असली तर ती पडे. वाटेत चघळावयास वाळवलेल्या चीजचा, म्हणजे छुर्पीचा, खडा असे. तो गालात धरला की बराच वेळ पुरे. तीर्थयात्रेसाठी ल्हासाला किंवा कैलासाला निघणारी कुटुंबे महिनेच्या महिने वाटेवर असत. मुलाचा घास कसा करावयाचा, हे आईच्या बोटांना ठाऊक असे आणि घासाचे पीठ तिच्या जवळच्या कातडी पिशवीत असे.

१९३९ सालच्या जुलै महिन्यात अम्दो प्रांतातून ल्हासाकडे निघालेला एक तांडा इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात नुकतीच चार वर्षे पूर्ण केलेला ल्हामो धोंडुप नावाचा मुलगा होता. तोच पुढे चौदावा दलाई लामा म्हणून जगाला माहीत झाला. त्याचे आईवडील आणि थोरला भाऊ लोबसांग सामतेन बरोबर होते. दोन खेचरांच्या मध्ये दांड्यांवर बांधलेल्या मेण्यात ही दोन्ही भावंडे बसत, आणि भांडू लागली की मेणा कलंडण्याची वेळ येई. मग हाकणारा मेणा थांबवून आईला बोलावी. हा प्रवास तीन महिन्यांहून अधिक चालला आणि ऑक्टोबर महिन्यात तांडा ल्हासाला पोहोचला. धर्मगुरू म्हणून निवडला गेला, तरी वाटेवर तो चार वर्षांचे मूलच होता. आणि अशा तांड्यांचा शिधा ठरलेला असे : त्सांपा, लोणी, चहाच्या विटा आणि वाळवलेले मांस.

वीस वर्षांनी, १७ मार्च १९५९ च्या रात्री, याच दलाई लामांनी ल्हासा सोडले. ३१ मार्चला ते तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ८०,००० तिबेटी निघाले. हाही कुटुंबांचाच प्रवास होता, पण त्याला पूर्वतयारी नव्हती. मुले पाठीवर बांधून, बहुधा रात्री चालून, लोकांनी हिमालयाच्या खिंडी ओलांडल्या. कित्येकांचा त्सांपा वाटेतच संपला. खाली उतरल्यावर आसामातील मिसामारी येथे बांबूच्या बराकींची छावणी मिळाली. तांदूळ, डाळ आणि कणीक मिळाली. भारत सरकारने आणि अनेक सेवाभावी संस्थांनी मदतीत हात आखडता घेतला नाही. परंतु मिसामारीचा उन्हाळा पठारावरच्या माणसांना सोसेना. पाणी वेगळे, हवा वेगळी, अन्न वेगळे. पोटाच्या विकारांनी आणि तापाने माणसे दगावली; मुलांचे हाल सर्वांत अधिक झाले. डाळभात हे वाईट अन्न नव्हे. पण ते मुलांच्या जिभेला अनोळखी होते आणि आयांच्या हातांनाही.

पुढे पुष्कळसे निर्वासित हिमालयाच्या पायथ्याशी रस्ते बांधण्याच्या कामावर गेले. आईबाप दिवसभर दगड फोडीत आणि मुले रस्त्याच्या कडेला राहत. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील अशा छावण्यांतून ५१ मुले धरमशाला येथे आणण्यात आली. ती आजारी आणि कुपोषित होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ पत्करला आणि त्यातून निर्वासित मुलांचे पाळणाघर उभे राहिले. १९६४ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतले. तेच पाळणाघर पुढे ‘तिबेटी बालग्राम’ या नावाने वाढले. एका आईच्या मांडीवर वाटीत मळला जाणारा घास येथे शेकडो मुलांच्या सामायिक स्वयंपाकघरात आला. त्याचे रूप पालटणे अटळ होते.

हे रूप पालटले ते गव्हाच्या पिठाने. गव्हाचे पदार्थ तिबेटी स्वयंपाकात आधीपासून होते. निर्वासनात ते पुढे आले. सारात शेवया सोडल्या की थुक्पा. कणकेची पट्टी ओढून तिचे तुकडे रश्श्यात तोडून टाकले की थेन्थुक. आपल्याकडील चकोल्यांचा हा जणू चुलतभाऊ. आंबवलेल्या पिठाचे पदर वाफेवर फुगविले की टिंगमो. तत्कालीन म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे १९६० साली सुमारे ३,००० एकर जंगलजमीन देण्यात आली. तेथे लोकांनी झाडे तोडून मका लावला. १९७२ साली महाराष्ट्रातही, त्या वेळच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली. जवाच्या मुलुखातली माणसे धानाच्या मुलुखात आली. तरीही नववर्षाला, म्हणजे लोसारला, तळलेले खाप्से होतातच. मराठी मुलाच्या हाती दिले तर ते त्यांना शंकरपाळेच म्हणेल.

आज मुलांना घेऊन धरमशाला, लडाख, दार्जिलिंग वा बैलकुप्पेकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबाला या इतिहासाचा उपयोग आहे. तिबेटी अन्न मुळात सौम्य असते. मिरचीची चटणी, सेपेन, बहुधा वेगळी वाढतात, तेव्हा ती मुलाच्या ताटापासून दूर ठेवणे सोपे जाते. मोमोत मांस आहे की बटाटा-कोबी, हे आधी विचारावे. लोण्याचा चहा खारट असल्याने मुले प्रथम तोंड वाकडे करतात. त्यांना गोड चहाची किंवा दुधाची सोय पाहावी. गरम थेन्थुक आणि टिंगमो सहसा मुलांना रुचतात. कोठे बत्सा मारकू मिळाला, तर लोणी, साखर आणि चीज घातलेले ते कणकेचे गोळे मुले मागून घेतील.

आणि त्सांपा मिळाला तर तो मुलाला स्वतः मळू द्यावा. मिसामारीच्या बराकीत ज्या मुलांना हा घास मिळाला नाही, त्यांपैकी जी वाचली त्यांनी मोठेपणी आपल्या मुलांना तो पुन्हा मळावयास शिकविला. पिठाची पिशवी वाटेत रिकामी झाली होती. तो घास कसा मळावयाचा याची आठवण मात्र त्यांनी खिंडीपलीकडे आणली.