मुलाचा स्वभाव कोणत्या पट्टीने मोजायचा?

फणसवाडीतल्या चाळीत एखादे मूल बुजरे आहे की आगाऊ, हे ठरवायला चाचणी लागत नाही. सारा मजला ते सांगतो. मानसशास्त्राचे मात्र एवढ्यावर भागत नाही. किती बुजरे, कोणाच्या तुलनेत आणि हे किती काळ टिकणार, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत शोधणे म्हणजे व्यक्तिमत्त्वमापन. आज अशा चाचण्यांचे अहवाल अनेक पालकांच्या हाती पडतात. त्यातील आकडा नेमके काय सांगतो, हे क्वचितच समजावले जाते.

मुंबईला हा विषय नवा नाही. देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये याच शहरात, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मूळ विद्यालयाने सुरू केले. बुद्धिमापनात तर मराठी मुलांसाठी स्वतंत्र काम झाले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लर चाचणीला भारतीय रूप दिले. स्वभावाची मोजणी अधिक अवघड, कारण बुद्धीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर असते. स्वभावाच्या प्रश्नाला नसते.

अगदी लहान मुलांबाबत पालकांना विचारण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून थॉमस व चेस या दाम्पत्याने मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला आणि चंचलता, झोप-भुकेची नियमितता, नव्या माणसाला दिलेला प्रतिसाद अशी नऊ अंगे निश्चित केली. चंदीगडच्या डॉ. सविता मल्होत्रा यांनी त्याच धर्तीवर भारतीय मुलांसाठी प्रश्नावली तयार केली. आठ ते बारा वर्षांच्या मुलांकडून पोर्टर व कॅटेल यांची चौदा गुणांची प्रश्नावली भरून घेतली जाते. तिसरी पद्धत चित्रांची. लिओपोल्ड बेलाक यांच्या १९४९ च्या चाचणीत प्राण्यांची दहा चित्रे दाखवून मुलाला गोष्ट सांगायला लावतात. गोष्टीतून त्याची भीती, राग, ओढ प्रकट होते, असे गृहीतक.

पण या चित्रांतील घर कोणाचे? एका चित्रात अंधाऱ्या शयनगृहात मोठा पलंग आहे आणि अस्वलाची पिल्ले वेगळ्या छोट्या खाटेत आहेत. दुसऱ्यात घरातल्या घरातच न्हाणीघर व शौचकूप आहे. दीड खोलीत आजी-आजोबांसह झोपणाऱ्या आणि गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासाला रांग लावणाऱ्या मुलाने या चित्रांवर अडखळत गोष्ट सांगितली, तर ती मनातली अस्वस्थता की केवळ अनोळखीपणा? भारतीय रूपांतराची गरज पडली ती म्हणूनच. 'तुला एकटे बसायला आवडते का' या साध्या प्रश्नाचेही तसेच. जिथे एकटे बसायला जागाच नाही, तिथे 'नाही' हे उत्तर मुलाच्या स्वभावाबद्दल फारसे काही सांगत नाही.

उत्तर कोण देतो, यावरही आकडा बदलतो. मुलांच्या वर्तनसमस्या व भावनिक अडचणींविषयीच्या ११९ अभ्यासांचा आढावा आखेनबाख व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये घेतला. पूर्ण एकमत म्हणजे १ धरल्यास आई व वडील यांच्या मतांतील मेळ ०.६० होता, पालक-शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतील व्यक्तींमध्ये ०.२८, तर स्वतः मूल आणि इतर यांच्यात अवघा ०.२२. म्हणून कोणी खोटे बोलत होते, असे नव्हे. घरी गप्प असलेले मूल वर्गात बडबडे असू शकते. अशा वेळी एकाच व्यक्तीच्या उत्तरांवर तयार झालेला अहवाल अर्धवटच राहतो.

शिवाय मुलांचा स्वभाव अजून घडत असतो. रॉबर्ट्स व डेलव्हेकिओ यांनी २००० मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. गुणवैशिष्ट्यांचे सातत्य बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ आढळले. सातव्या वर्षी 'अंतर्मुख' ठरलेल्या मुलावर तो शिक्का कायमचा मारण्यास शास्त्राचा आधार नाही. समुपदेशकाला मुलाशी बोलायला सुरुवात करून देणे, एवढा उपयोग मात्र निश्चित आहे, आणि तो थोडा नाही.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी व स्वभाव सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांचा तर या शास्त्राशी संबंधच नाही. त्यांना वैज्ञानिक आधार नसल्याचे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही पारख करण्यास शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १३ ने मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्याबाहेर राहिल्या.